अडकलेला वाचला आणि उडी मारलेला गेला, हे खरे कसे मानावे? लँकेस्टर केबी ७२६ विषयी

आपण कॅनडातील हॅमिल्टनच्या विमान-संग्रहालयात लँकेस्टर बॉम्बर पाहिले, तेथे दुसऱ्या महायुद्धातील कॅनडाचे गनर (विमानातील मशीनगन चालवणारे) अँड्र्यू मायनार्स्की यांची हकीकत वाचली, आणि त्यावर विचारले आहे की जळत्या विमानाच्या शेपटीत अडकलेला गनर जमिनीवर आदळूनही जिवंत राहतो आणि पॅराशूट घेऊन उडी मारलेला त्याचा सोबती मरतो, हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे का. शिवाय ही सारी गोष्ट एकाच माणसाच्या सांगण्यावर उभी असेल तर तिच्यावर विश्वास किती ठेवावा, आणि ज्या विमानातून कोणीच परत आले नाही त्याच्याबद्दल काही कळू शकते का, असेही आपण विचारले आहे. मी हवाई दलाच्या तांत्रिक शाखेत असताना विमान अपघातांच्या चौकशीचे काम केले आणि निवृत्तीनंतर दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बर विमानांच्या नोंदी वाचत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे उत्तर देतो.

माझ्या मते आपल्या प्रश्नांचा गाभा असा आहे की विमान पडताना आतील माणसांचे काय होते हे कशावर ठरते, आणि ते आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते. पुष्कळसे परिस्थितीवर अवलंबून असते: उंची किती होती, आग कोठे लागली, वैमानिकाच्या हाती विमान किती वेळ राहिले, बॉम्ब पोटात होते की टाकून झाले होते, आणि मुख्य म्हणजे कोण कोठे बसला होता. यांतील एक गोष्ट बदलली तरी निकाल बदलतो. म्हणून एका विमानावरून सर्वांबद्दल नियम काढता येत नाही. मात्र एक विमान नीट समजून घेतले तर इतरांच्या नोंदी वाचताना काय शोधायचे ते कळते.

प्रथम एक खुलासा. आपण पाहिलेले विमान मायनार्स्की यांचे नव्हे. त्याचा मूळ क्रमांक एफएम २१३ आहे; मायनार्स्की यांच्या स्मरणार्थ ते त्यांच्या विमानाच्या, म्हणजे केबी ७२६ च्या, रंगात आणि व्हीआर-ए या अक्षरांसह रंगवलेले आहे. खरे केबी ७२६ फ्रान्समध्ये कोसळून नष्ट झाले. दोन्ही विमाने कॅनडातच बांधलेली, लँकेस्टरच्या मार्क दहा या प्रकाराची आहेत, त्यामुळे आतील रचना समजून घेण्यासाठी आपण योग्य विमान पाहिले आहे.

केबी ७२६ हे कॅनडाच्या हवाई दलाच्या ४१९ स्क्वॉड्रनचे विमान. १२ जून १९४४ च्या रात्री ते इंग्लंडमधील मिडलटन सेंट जॉर्जच्या तळावरून उत्तर फ्रान्समधील काँब्रे येथील रेल्वे यार्डावर बॉम्बफेक करण्यासाठी निघाले. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांचे सैन्य उतरून आठवडाही पुरा झाला नव्हता, आणि जर्मन कुमक रेल्वेने आघाडीवर पोहोचू नये म्हणून त्या रात्री काँब्रेसह फ्रान्समधील अनेक दळणवळण केंद्रांवर बॉम्बर धाडण्यात आले होते. विमानात सात जण होते: वैमानिक आर्ट डी ब्रेन, फ्लाइट इंजिनिअर रॉय विगर्स, नॅव्हिगेटर रॉबर्ट बोडी, बॉम्ब-एमर (नेम धरून बॉम्ब टाकणारा) जॅक फ्रायडे, वायरलेस ऑपरेटर जिम केली, पाठीवरच्या टरेटमधील गनर अँड्र्यू मायनार्स्की आणि शेपटीच्या टरेटमधील गनर पॅट ब्रॉफी. टरेट म्हणजे मशीनगन बसवलेली काचेची फिरती कोठडी. पहिले पाच जण विमानाच्या पुढच्या भागात, एकमेकांच्या हाताच्या अंतरावर. मायनार्स्की त्यांच्यापासून बरेच मागे. ब्रॉफी तर थेट शेपटीच्या टोकाला, टरेटची दारे लावून घेतलेला. बाकीच्यांशी त्याचा संबंध केवळ इंटरकॉमच्या तारेपुरता. ही मांडणी लक्षात ठेवावी, कारण पुढचे जवळजवळ सगळे तिच्यामुळे घडले.

लक्ष्य गाठण्यापूर्वीच जर्मन रात्र-लढाऊ विमानाने, जंकर्स ८८ ने, मागून आणि खालून मारा केला. डाव्या बाजूची दोन्ही इंजिने निकामी झाली, डाव्या पंखाला आग लागली आणि दोन्ही गनरांच्या मधल्या जागेत दुसरी आग भडकली. इंटरकॉम बंद पडला. विमान सावरणार नाही हे डी ब्रेन यांनी ओळखले आणि बाहेर पडण्याचा आदेश दिला. मागच्या दोघांना तो ऐकू जाणे शक्य नव्हते, म्हणून दिव्याच्या मोर्स खुणेने कळवण्यात आले.

आता शेपटीतील टरेटकडे येऊ. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचे सर्व उत्तर तेथे आहे. लँकेस्टरचा मागचा टरेट हायड्रॉलिक दाबावर फिरत असे आणि त्या दाबाचा पंप डाव्या बाजूच्या बाहेरच्या इंजिनावर बसवलेला होता. पंखावरचे इंजिन बंद पडले की शेपटीतील टरेट बंद, असा हा थेट संबंध होता. शिवाय टरेटमध्ये इतकी अडचण असे की गनरला पॅराशूट अंगावर बांधून बसता येत नसे. त्याची गठडी टरेटच्या बाहेर, विमानाच्या धडात एका फडताळावर ठेवलेली असे. संकटात त्याने टरेट सरळ करायचा, पाठीमागची दारे उघडायची, हात मागे घालून पॅराशूट ओढायचे, छातीवरच्या आकड्यांना अडकवायचे, आणि मग एकतर धडात येऊन उजव्या बाजूच्या दाराने बाहेर पडायचे किंवा टरेट आडवा फिरवून तेथूनच पाठमोरे हवेत कोसळायचे. जाड कपडे आणि हातमोजे घालून, अंधारात, तिरक्या होत चाललेल्या विमानात हे सारे करायचे होते.

ब्रॉफी यांनी दुसरा मार्ग निवडला. पॅराशूट त्यांच्या हाती आले होते. बाहेर पडण्यासाठी त्यांनी टरेट फिरवायला घेतला आणि तो थोडा फिरून अडकला, कारण दाब संपला होता. हाताने फिरवण्यासाठी असलेली मूठ वापरून पाहिली, तर ती मोडली. आता टरेट अशा कोनात थांबला होता की बाहेर पडण्याइतके तोंड उघडे नव्हते आणि मागे धडात परतण्याची वाटही बंद झाली होती.

मायनार्स्की आपल्या टरेटमधून उतरून मागच्या दाराशी पोहोचले होते. ते दार त्यांच्यासाठी मोकळे होते. तेथून त्यांना ब्रॉफी अडकलेले दिसले, आणि ते दाराकडे न जाता आगीतून रांगत शेपटीकडे गेले. त्यांनी आगीच्या वेळी वापरायच्या कुऱ्हाडीने टरेटवर घाव घातले, मग नुसत्या हातांनी जोर लावला. तोवर त्यांचे कमरेखालचे कपडे आणि पॅराशूट पेटले होते. ब्रॉफी यांनी हाताने खूण करून त्यांना जायला सांगितले. मायनार्स्की तोंड न फिरवता तसेच मागे सरकत दाराशी गेले, जळत्या कपड्यांत ताठ उभे राहिले, सहकाऱ्याला सॅल्यूट केला आणि उडी मारली. मी ही हकीकत पुष्कळदा वाचली आहे आणि प्रत्येक वेळी या ठिकाणी मला थांबावे लागते. ते पॅराशूटने जमिनीवर पोहोचले, फ्रेंच गावकऱ्यांना सापडलेही, पण भाजण्याच्या जखमा इतक्या गंभीर होत्या की ते दगावले. त्यांची कबर मेआरिकूर गावाच्या दफनभूमीत आहे. वय सत्तावीस.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे, की मायनार्स्की यांचा मृत्यू उडी मारल्यामुळे झाला नाही, उडी मारण्यापूर्वी ते जी मिनिटे आगीत थांबले त्यामुळे झाला. उरलेले अर्धे उत्तर ब्रॉफी यांच्या वाचण्यात आहे. विमान नाक खाली करून जमिनीत घुसले असते तर शेपटीतील माणूसही वाचला नसता. पण डी ब्रेन यांनी शेवटपर्यंत ते शक्य तितके समतल धरून ठेवले होते, आणि ते बाहेर पडल्यावरही विमान उथळ कोनातच खाली आले. शेतात उतरताना त्याचा डावा पंख एका झाडावर आदळला, त्या धक्क्याने सांगाडा फिरला, आणि शेपटीकडचा भाग मोडून ब्रॉफी बाहेर फेकले गेले. अपघाताच्या चौकशीत आम्ही नेहमी पाहतो की वेग एका क्षणात शून्यावर आला तर माणूस जगत नाही. तोच वेग झाड, पंख, घसरणे, मोडणे अशा टप्प्यांत खर्च झाला तर शरीरापर्यंत पोहोचणारा मार कमी होतो. शेपटी ही धक्का सर्वांत शेवटी पोहोचणारी जागा. राहिला प्रश्न बॉम्बचा. विमानातून सुटताना बॉम्बच्या फ्यूजची अडकवण निघते आणि मगच तो फुटण्यास सज्ज होतो. पोटात टांगलेला बॉम्ब आदळला म्हणजे फुटलाच पाहिजे असे नाही. तो आगीत किंवा धक्क्याने फुटू शकतो, आणि अनेक विमानांत तसे झालेही. येथे संपूर्ण साठा एकदम उडाला नाही. हा भाग मात्र नशिबाचा, आणि त्याला दुसरे नाव देण्याचा प्रयत्न मी करणार नाही.

याच विमानाच्या पुढच्या भागात काय चालले होते याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. बाहेर पडण्याची मुख्य वाट नाकातील जमिनीला असलेल्या हॅचमधून होती. फ्रायडे यांनी ती उघडताच वाऱ्याच्या झोताने झाकण उसळून त्यांच्या कपाळावर बसले आणि ते त्या भोकावरच बेशुद्ध पडले. म्हणजे पुढच्या चौघांची वाट एका बेशुद्ध माणसाने अडली होती. विगर्स यांनी त्यांना बाजूला घेतले, त्यांच्या छातीला पॅराशूट अडकवले, ते उघडेल अशी तजवीज करून त्यांना बाहेर सोडले आणि मग स्वतः उडी घेतली. फ्रायडे शुद्धीवर आले ते जर्मनांच्या ताब्यात. विगर्सही पकडले गेले. डी ब्रेन, बोडी, केली आणि ब्रॉफी या चौघांना फ्रेंच लोकांनी लपवून ठेवले. आगीत शिरण्याचे धैर्य जगाला माहीत झाले ते योग्यच झाले. पण भोकाशी थांबून दुसऱ्याचे आकडे अडकवणारा विगर्स यांचा हात माझ्या मते त्याच रात्रीच्या हिशेबात मोजला पाहिजे.

सातांपैकी सहा जण वाचले, हा निकाल सर्वसाधारण नव्हता, हे येथे स्पष्ट सांगायला हवे. बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विमानांच्या शाखेच्या, संशोधन विभागात तेव्हा तरुण असलेले फ्रीमन डायसन काम करत होते. पुढे ते मोठे भौतिकशास्त्रज्ञ झाले. पाडल्या गेलेल्या विमानांतून किती जण जिवंत सुटतात याचा त्यांनी अभ्यास केला, तेव्हा अमेरिकन बॉम्बरमधून सुमारे ५० टक्के, हॅलिफॅक्स व स्टर्लिंग या ब्रिटिश बॉम्बरमधून सुमारे २५ टक्के आणि लँकेस्टरमधून सुमारे १५ टक्के, असे प्रमाण आढळले. अमेरिकन विमाने दिवसा उडत, हा त्यांच्या बाजूचा एक फरक. पण हॅलिफॅक्स आणि लँकेस्टर दोन्ही रात्रीच उडत. लँकेस्टरच्या पुढच्या हॅचची रुंदी २२ इंच होती, हॅलिफॅक्सची २४ इंच. छातीवर पॅराशूटची गठडी बांधलेल्या माणसाला दोन इंच म्हणजे काय, हे ज्याने कधी दाटीच्या यंत्रात हात घातला आहे त्याला समजेल. त्यातच लँकेस्टरच्या धडातून पंखांचे जाड स्पार, म्हणजे पंखांचा भार पेलणाऱ्या तुळया, आडवे गेलेले होते, ते ओलांडूनच पुढे किंवा मागे जाता येई. वजन जास्त नेणारे, उत्तम उडणारे हे विमान आतल्या माणसाला सोडताना फार कंजूष होते. युद्धभरात बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० वैमानिक-सैनिकांपैकी ५५,५७३ जण मेले. त्यांतील किती जण केवळ वाट अरुंद होती म्हणून गेले हे मोजता येत नाही, पण हॅचची रुंदी युद्धाच्या काळातच वाढवता आली असती, असे माझे ठाम मत आहे.

मग केबी ७२६ मधून एवढे जण का सुटले? वैमानिकाच्या हाती विमान राहिले, ते हवेत फुटले नाही, आणि आग पंखात व मागे असल्याने नाकाकडची वाट मोकळी राहिली. हीच आग पुढे लागली असती तर कदाचित मागचे दोघे वाचले असते आणि पुढचे पाच गेले असते.

इंटरकॉम तुटणे किती घातक ठरते यासाठी आणखी एक विमान पाहावे. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूरेंबर्गवर ७९५ विमाने गेली आणि त्यांतील ९५ परतली नाहीत; बॉम्बर कमांडची ती सर्वांत वाईट रात्र. त्यांत सिरिल बार्टन यांच्या हॅलिफॅक्सवर हल्ला होऊन इंटरकॉम बंद पडला, दिव्याच्या खुणेचा अर्थ चुकीचा घेतला गेला, आणि नॅव्हिगेटर, बॉम्ब-एमर व वायरलेस ऑपरेटर हे तिघे उडी मारून मोकळे झाले. विमान मात्र अजून उडत होते. बार्टन यांनी मार्ग दाखवणाऱ्या माणसांविना लक्ष्यावर बॉम्ब टाकले आणि विमान इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत परत आणले. राइहोप येथे इंधन संपून ते कोसळले. बार्टन गेले, आत उरलेले तिघे वाचले. उडी मारणारे तिघे युद्धकैदी झाले. त्यांना दोष देणारे लिखाण मी वाचले आहे आणि ते मला अन्यायाचे वाटते. अंधारात लुकलुकणारा दिवा वाचून क्षणात निर्णय घेणाऱ्याला आपण आरामात बसून तोलू नये.

आता एका साक्षीदाराचा प्रश्न. ब्रॉफी हेच मायनार्स्की यांच्या शेवटच्या मिनिटांचे एकमेव साक्षीदार, हे खरे आहे. ते परत येऊन बोलले म्हणून मायनार्स्की यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्याचे सर्वोच्च ब्रिटिश पदक मिळाले, तेही ११ ऑक्टोबर १९४६ रोजी, घटनेला दोन वर्षे उलटून गेल्यावर. चौकशीत एकच साक्षीदार असेल तर आम्ही त्याचे सांगणे अशा गोष्टींशी ताडून पाहतो ज्या त्याच्या हातात नव्हत्या. टरेट अडकल्याचे ब्रॉफी सांगतात. तो ज्या इंजिनावर चालतो ते बंद पडल्याचे वैमानिक स्वतंत्रपणे सांगतो. मायनार्स्की पेटले होते असे ब्रॉफी सांगतात. जमिनीवर ते भाजलेल्या अवस्थेत सापडतात आणि त्याच जखमांनी मरतात. ते बराच वेळ थांबले असे ब्रॉफी सांगतात. मागचे दार हाताशी असलेला माणूस लगेच बाहेर पडला असता तर इतका भाजला नसता. तिन्ही धागे जुळतात. शिवाय ब्रॉफी यांना या कथेतून स्वतःसाठी काही मिळवायचे नव्हते. सॅल्यूटचा तपशील मात्र केवळ त्यांच्या शब्दावर आहे, आणि बाकीचे सर्व खरे निघालेल्या माणसाचा तेवढा शब्द मी मान्य करतो.

या उत्तराला जोडूनच आपला शेवटचा प्रश्न येतो. मागच्या टरेटमधला माणूस त्या रात्री मेला असता तर मायनार्स्की यांच्या नावापुढे फक्त 'मोहिमेवरून परतले नाहीत' एवढीच ओळ राहिली असती. ज्या विमानांतून कोणीच आले नाही तेथे तसेच झाले आहे. त्यांच्या स्क्वॉड्रनच्या दैनंदिन नोंदवहीत उड्डाणाची वेळ असते, सात नावे असतात आणि नंतर कोरी जागा असते. इतर विमानांतील लोकांनी पाहिलेले जपून वापरावे. ब्रिटिश वैमानिकांमध्ये असा समज होता की जर्मन लोक फुटणाऱ्या विमानासारखे दिसणारे भयकारी गोळे उडवतात, त्यांना ते 'स्केअरक्रो' म्हणत. युद्धानंतर कळले की असे गोळे नव्हतेच, त्यांनी पाहिलेल्या ज्वाळा खऱ्या विमानांच्या होत्या.

असे विमान आपल्याला शोधायचे असेल तर मी ज्या क्रमाने जातो तो सांगतो. आधी नोंदवहीतून उड्डाण आणि लक्ष्य नक्की करावे. मग त्या रात्रीचे जर्मन लढाऊ वैमानिकांचे दावे पाहावेत, कारण त्यांत वेळ आणि जागा असते, आणि ती विमानाच्या मार्गाशी जुळते का ते नकाशावर तपासावे. त्यानंतर युद्धोत्तर शोधपथकांचे, म्हणजे मिसिंग रिसर्च अँड एन्क्वायरी सर्व्हिसचे अहवाल वाचावेत. ही माणसे गावोगाव फिरून सरपंच, पाद्री आणि शेतकऱ्यांकडून माहिती घेत आणि कबरी उघडून ओळख पटवत. ज्यांचा ठावठिकाणा लागलाच नाही अशा वीस हजारांहून अधिक जणांची नावे इंग्लंडमधील रनीमीडच्या स्मारकावर आहेत, तीही तपासावीत. कबरी सापडल्या तर त्या कशा आहेत ते नीट पाहावे. सातही जण एकाच सामायिक कबरीत असतील तर बहुधा विमान हवेत फुटले किंवा थेट जमिनीत घुसले. एक-दोघे वेगळ्या गावात पुरलेले असतील तर ते बाहेर पडू शकले होते, म्हणजे विमान काही काळ तरी वैमानिकाच्या हाती होते. आणि वैमानिक स्वतः अवशेषांत सापडला असेल तर इतरांना वेळ मिळावा म्हणून तो जागेवरून उठला नव्हता, ही शक्यता आपल्या टिपणात लिहून ठेवावी, तिच्यापुढे 'पुरावा अपुरा' असे स्पष्ट नोंदवून.